साक्षीतला कोंबडा

"मिशीला पीळ द्या की. असं दिसलासा तर कोण भिईल तुमास्नी?" आक्का नवऱ्याला म्हणाली.

विजयसिंहांनी मिशीला पीळ दिला, फेटा सारखा केला आणि लॅपटॉपसमोर डोळे वटारून बसले. कळंब्यात संध्याकाळचे सात वाजले होते. तिकडे अमेरिकेतल्या कोर्टात सकाळ होती. लेक क्रांतीला तिथे आश्रय मिळणार की नाही, हे आज ठरायचं होतं.

सात वर्षांपूर्वी क्रांतीने परजातीतल्या उन्मेषशी लग्न केलं, तेव्हा याच विजयसिंहांनी काठीने जावयाचा हात मोडला होता. तक्रारसुद्धा कुणी लिहून घेतली नव्हती. दोघं जीव मुठीत धरून पळाली. हा छळ झाला, हे कोर्टाने मान्य केलं होतं. मागे छळ झाला म्हणजे परतल्यावर पुन्हा होईल, असंच ते कोर्ट धरून चालतं. आता धोका उरला नाही, हे दाखवायचं काम सरकारी वकिलाचं. म्हणून त्याने साक्षीला थेट विजयसिंहांनाच बोलावलं.

धोका कसला उरतोय? नात सई झाली आणि विजयसिंह पार विरघळले. रोज फोनवर ती सांगेल ते व्हायचे. कधी म्हैस, कधी मांजर. कोंबडा तर असा आरवायचे की शेजारची कोंबडी बिथरायची. उन्मेष मात्र कधी फोनसमोर येत नसे. ते त्यांना फार लागायचं. पण खरं बोललं तर लेकीचा आश्रय जाणार. निदान आता तरी तिच्या कामी यावं, म्हणून त्यांनी आज राक्षस व्हायचं ठरवलं होतं.

"मुलगी-जावई परत आले तर काय कराल?" दुभाष्याने वकिलाचा प्रश्न मराठीत विचारला.

"तंगडं मोडीन," विजयसिंह गरजले.

वकिलाचा चेहरा पडला. दाराआड आक्काने समाधानाने मान डोलावली. तेवढ्यात आईच्या मांडीवरच्या सईला पडद्यावर आजोबा दिसले.

"आबा, कोंबडा."

विजयसिंहांनी ओठ घट्ट मिटले. कपाळावर होत्या नव्हत्या तेवढ्या आठ्या घातल्या. सई रडवेली झाली. मग मात्र त्यांनी दोन्ही हात बगलेत खुपसले, मान ताणली आणि फेटा पडेस्तोवर आरवले.

न्यायाधीशबाईंनी दुभाष्याकडे पाहिलं. याचं भाषांतर लागणार नाही, असं तो म्हणाला.

निकाल तासाभरात आला. धोका उरलेला नाही, अर्ज नामंजूर.

"केलंसा वाटोळं," म्हणत आक्काने कपाळाला हात लावला.

फोन वाजला. विजयसिंहांनी तो भीतभीतच उचलला. "क्रांते, चुकलो ग. ऱ्हावलंच न्हाय."

पलीकडे क्रांती हसत होती, रडतही होती. मागून कुणा पुरुषाचं पोट धरून हसणं ऐकू येत होतं.

"आबा, मला कवाधरनं घरी यायचंय. पण ह्यांच्या मनातली तुमची भीती जाईना. म्हणून मीच सईला शिकवलं, कोर्टात आबांकडं कोंबडा माग."