निरोगी नमुना

पडद्यावरच्या सात रेषांपैकी सहा तांबड्या बाजूला सरकल्या होत्या. सातवी तेवढी जागची हलली नव्हती.

पडद्यासमोर बसलेल्या तरुण संशोधिकेला आधी आनंदच झाला. इतका, की खुर्चीतून उठून ती प्रयोगशाळेत एकटीच दोनदा टाळ्या वाजवून मोकळी झाली. चिप चालत होती! अॅल्युमिनियमचा पत्रा थंडगार आम्लात बुडवून त्यात वीज सोडायची, की त्यावर डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात, मधाच्या पोळ्यासारखी शेजारी शेजारी. त्या छिद्रांत स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं प्रथिन धरून ठेवणारं द्रव्य बसवायचं. रक्तात ते प्रथिन असलं की ते तिथं अडकतं आणि चिपवरून परतणाऱ्या प्रकाशाचा रंग सरकतो. एवढी साधी गोष्ट, पण सहा महिने पेशंटच्या आणि निरोगी माणसाच्या रक्तात या चिपला काडीचा फरक दिसला नव्हता.

“नाचता येईना, अंगण वाकडं,” तिचे मार्गदर्शक सर रोज ऐकवायचे. “चिप्स बाद आहेत तुझ्या. शुक्रवारपर्यंत फरक दाखव, नाहीतर प्रकल्प गुंडाळ.” तीही हट्टी. चिप्स बाद नाहीत, हे एकच पालुपद तिनं धरून ठेवलं होतं.

आज शुक्रवार होता. बुडत्याला काडीचा आधार म्हणून तिनं सकाळी स्वतःचंच रक्त काढून घेतलं आणि सातव्या चिपवर सोडलं. न हललेली रेषा तिची होती. सरकलेल्यांपैकी पाच पेशंटच्या.

आणि सहावी? तिनं वहीत पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. सहावी चिप निरोगी नमुन्याची होती. प्रकल्प सुरू झाला त्या दिवशी सरांनी सगळ्यांदेखत दंड पुढे केला होता. “घ्या माझं रक्त. पन्नाशी उलटली, तरी रोज सात किलोमीटर पळतो. याहून धडधाकट माणूस दिवा घेऊन शोधलात तरी सापडायचा नाही.” सहा महिने प्रत्येक पेशंटचं रक्त त्याच रक्ताशी ताडून पाहिलं जात होतं. फरक दिसणार कुठून?

दार ढकलून सर आत आले. पडदा पाहिला आणि टेबलावर थाप मारली.

“शाब्बास! बघ, कान उपटल्याशिवाय काम होत नाही तुझं.” मग त्यांनी बोटानं रेषा मोजल्या. “सहा? आपल्याकडे पेशंट तर पाचच होते. सहावा कोण आणलास?”

न हललेल्या रेषेवर तिनं बोट ठेवलं. “ही माझी, सर.”

“अगं, मी सहाव्याचं विचारतोय. आणि निरोगी नमुना कुठाय? तो लावलाच नाहीस का...”

वाक्य तिथंच राहिलं. सरांचं बोट सहाव्या रेषेवर थांबलं होतं. ते तसंच ठेवून त्यांनी दुसऱ्या हातानं स्टूल ओढलं आणि बसले.

“मला वाटलं, पळण्यानं वजन उतरतंय,” ते म्हणाले. “ते रक्त कधीचं?”

“सहा महिन्यांपूर्वीचं.”

यंत्राचा पंखा तेवढा घरघरत होता.

“तुझ्या चिप्स बाद आहेत ना गं?” सरांनी विचारलं.

“हो सर. बादच आहेत.”

सरांनी तिच्याकडे पाहिलं.

“सहा महिन्यांत आज पहिल्यांदा खोटं बोललीस.”