मुठीची मंजुरी

होळीच्या सुमारास हसीनाबी नवऱ्याला घेऊन चिपळूणच्या उपचारकेंद्रात पुन्हा आल्या. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बशीरभाईंची उजवी मूठ हळूहळू आवळत चालली होती.

"शलाकाताई, फिजिओथेरपिस्ट तुम्हीच ना? मग बोटं मोकळी करा की!"

शलाकाने मनगट पुढे केलं. कातडीखालची पट्टी लाल होती. सरकारी विम्याच्या यंत्रडॉक्टरने मंजुरी देण्याआधी तिने रुग्णावर उपचार केले, तर पट्टी तिचा परवाना तिथल्या तिथे रद्द करणार होती. रुग्णांना थेट आमच्याकडे येऊ द्या, म्हणून ती विमा खात्याच्या सुनावणीत घसा कोरडा पडेपर्यंत बोलली होती. ऐकायलाही समोर यंत्रच होतं.

केंद्रातल्या यंत्रडॉक्टरपुढे बशीरभाईंचा नंबर लागला तोवर गणपती होऊन गेले होते.

"मूठ कायमची मिटली आहे," यंत्रडॉक्टर म्हणाला. "आता उपचारांचा उपयोग नाही. मंजुरी नाकारली."

"आणि तेव्हा?" हसीनाबींनी विचारलं. "तेव्हा उपयोग झाला असता ना?"

यंत्राने पुढच्या रुग्णाचं नाव पुकारलं.

शलाकाने ती मूठ दोन्ही हातांत घेतली. त्याच क्षणी तिचा परवाना गेला. तरी ती एकेक बोट सोडवायला धडपडत राहिली.

"राहू दे पोरी," बशीरभाई अडखळत म्हणाले. "आता नुसतं दुखतं."