माइकची पारख

"ऐकल्याशिवाय घ्यायचा नाही," असं बजावूनच बुद्धरत्नने लेकीला निगडीच्या दुकानात आणलं होतं. अपेक्षाने ऑनलाइन एक माइक बघून ठेवला होता. हजारभर लोकांनी तो चांगला आहे म्हणून लिहिलं होतं. "लोकांचे कान लोकांपाशी," तो म्हणाला. "आपण आपल्या कानानं निवडायचा."

पुढच्या महिन्यात ती नोकरीसाठी बंगळूरला जाणार होती. त्याआधी तिचा आवाज आणि त्याची गिटार अशी चार गाणी घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवायची, हे दोघांनी मिळून ठरवलं होतं.

आणि कानाच्या बाबतीत बुद्धरत्नला कोणी शिकवायची गरज नव्हती. चाकणच्या कंपनीत तो एकोणीस वर्षं पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर होता. ठोका जरासा बदलला तरी साच्याची डाय सैल झाली हे त्याला बसल्या जागी कळायचं. शेजारच्या लाइनवरचे लोकही मशिन ऐकायला त्यालाच बोलवायचे. मशिन नीट ऐकू यावं म्हणून तर तो कंपनीने दिलेले इअरप्लग खिशातच ठेवायचा.

दुकानाच्या मागच्या बाजूला काचेची छोटी खोली होती. मालक मधुसूदन, साठीचा शांत माणूस, त्याने दोघांकडून एकच कडवं दोन वेगळ्या माइकवर गाऊन-वाजवून घेतलं होतं.

"हा पहिला फक्त समोरचं उचलतो," त्याने सांगितलं. "घरात कुकरची शिट्टी झाली तरी फारसं येणार नाही. दुसरा नाजूक. खोलीतलं सगळं घेतो, पण आवाजातलं बारीक कामही तोच दाखवतो. घर कुठे तुमचं?"

"पुनावळ्याला. हायवेला लागूनच."

"मग अवघड आहे. तुम्हीच ऐका आणि ठरवा."

बुद्धरत्नने हेडफोन लावले. पहिला ऐकला. गिटार भरदार होती, लेकीचा आवाज गोड होता. मग दुसरा ऐकला. तीच गिटार, तोच आवाज. त्याने पुन्हा पहिला लावायला सांगितलं, पुन्हा दुसरा.

"केवढा फरक आहे ना, पप्पा!" अपेक्षा म्हणाली. तिने आधीच ऐकलं होतं.

"आहे की."

"मग कुठला?"

त्याने तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. तिथे काही सापडलं नाही. "पहिला," तो म्हणाला. "खोलीतलं सगळं कशाला पाहिजे उगाच?"

"पण पहिल्यात माझा 'स' किती बोथट येतोय! आणि दुसऱ्यात तुमचं बोट तारेवरून सरकतं ना, ते पण येतं. चिर्र असं. मला ते फार आवडतं."

"पुन्हा लावा दुसरा," तो मधुसूदनला म्हणाला.

बोट कुठे सरकतं हे त्याच्याएवढं कोणाला माहीत असणार? दुसऱ्या ओळीच्या शेवटी, वरून खाली. त्याने श्वास रोखला. ती जागा आली आणि गेली. बोट जणू सरकलंच नव्हतं.

"हेडफोन खराब आहे तुमचा."

मधुसूदनने वाद घातला नाही. हेडफोन स्वतःच्या कानाला लावून पाहिला, बाजूला ठेवला आणि कपाटातून नवा कोरा काढून दिला. बुद्धरत्नने तोही ऐकला.

"हा पण तसलाच निघाला."

मधुसूदनने विचारलं, "कामाला कुठे असता, साहेब?"

"चाकणला. प्रेस शॉपमध्ये."

"हं." त्याने हेडफोन काढून घेतले. "आता स्पीकरवरच ऐका. एकेक सूर लावतो. डोळे मिटून घ्या. ऐकू येतोय तोवर हात वर ठेवा, थांबला की खाली."

"ते कशाला?"

"माइक निवडायला बरं पडेल."

बुद्धरत्नने डोळे मिटले. पहिला सूर आला, ट्रान्सफॉर्मरसारखा घुमणारा. त्याने हात वर केला. सूर थांबला, हात खाली. दुसरा आला, बासरीसारखा. हात वर, हात खाली. सोपं होतं हे. तो स्वतःशीच हसला.

मग काहीच आलं नाही. एसीची घरघर तेवढी चालू होती. मधुसूदन कॉम्प्युटरवर काहीतरी शोधत असेल, असं त्याला वाटलं. तो थांबला. बराच वेळ थांबला.

"लावा की," तो म्हणाला.

त्याने एक डोळा किलकिला केला. अपेक्षाने दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबून धरले होते. कळ आल्यासारखा तिचा चेहरा आक्रसला होता. काचेपलीकडे काउंटरवरचं गिऱ्हाईकही वळून खोलीकडे बघत होतं.

बुद्धरत्नने झटकन डोळा मिटून घेतला आणि हात वर केला.

"आला," तो म्हणाला. "बारीक आहे, पण स्पष्ट आहे एकदम."

त्याने हात ताठ धरला. ऐकणाऱ्या माणसाची मान असते तशी मान किंचित कलती केली. खांदा भरून आला तरी त्याने हात खाली घेतला नाही.

कोणीतरी त्याच्या मनगटाला धरलं. अपेक्षा होती. ती त्याचा हात हळूहळू खाली आणत होती.

"पप्पा," ती म्हणाली, "कधीच थांबलाय तो."