अपुरी शीळ

मानसशास्त्राचे प्राध्यापक पुण्याहून पेटी घेऊन पिंपरीच्या कामगार चाळीत आले होते. खोलीचं दार लावून ते एकेकाला ओळखीच्या भजनाची चाल ऐकवत, शेवटच्या सुराआधी थांबत आणि विचारत, "आता पुढं काय येईल?" बहुतेकांनी तो सूर गुणगुणून दाखवला.

कौशल्याबाई मात्र पेटी थांबताच उठून दाराकडे गेल्या. कडीला हात लागला, तेव्हा भानावर आल्या.

"भोंगा झाला की मालक हीच शीळ घालत यायचं. ती सरायच्या आत मी कडी काढायची."

मालकांना जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

"शेवटचा सूर ऐकवू?" प्राध्यापकांनी हळूच विचारलं.

"नगा, सायेब. त्यो वाजला तर त्यास्नी वाटंल, मी दार उघडलंच न्हाई."