मधलं मॉडेल

बाबांना मुलगे तीन, पण त्यांच्या कारखान्यात कॉम्प्युटरची मॉडेलं दोनच. भारीतलं थोरला बघायचा, स्वस्तातलं धाकटा, आणि पाहुण्यांपुढे कौतुकही त्या दोघांचंच व्हायचं. मधल्याचा नुसता जळफळाट व्हायचा.

आज बैठकीत त्यानं टेबलावर हातच आपटला. "बाबा, भारीतलं परवडत नाही आणि स्वस्तातलं रडतखडत चालतं, म्हणून कितीतरी गिऱ्हाइकं परत जातात. आपण मधलं मॉडेल काढायलाच हवं!"

बाबांना चक्क पटलं. "काढू या की!" म्हणत ते थोरल्या-धाकट्याकडे वळले. "तुम्ही दोघं मिळून बघा."

मधल्याचा चेहरा पडला. "बाबा, आणि मी?"



"तू उगीच मधे मधे करू नकोस रे!"