मालकीण हजर

“ही सही कासिल्दाची नाही,” लेओकादियो म्हणाला आणि अधिकारपत्राचा कागद त्याने एवारिस्तोच्या हातात परत कोंबला.

स्पेनमधल्या सारागोसा शहरातल्या त्या आठ घरांच्या इमारतीची सभा शनिवारी दुपारी खाली जिन्याच्या तोंडाशी भरली होती. ज्याने त्याने आपापली खुर्ची आणली होती. विषय एकच, लिफ्ट. लेओकादियो तळमजल्यावर राहणारा, त्यात यंदाचा अध्यक्ष. लिफ्ट झाली तर त्याच्या दारासमोरची जागा आणि उजेड दोन्ही जाणार, म्हणून गडी सकाळपासून तापलेला.

“पक्षाघात झाल्यापासून ती डाव्या हातानं सही करते,” एवारिस्तो म्हणाला. “घर तिच्या नावावर आहे. नवरा म्हणून तिचं मत द्यायला मला हा कागद पुरे.”

लेओकादियोने सभांच्या इतिवृत्ताची वही ओढली. नोंदणी कचेरीचा शिक्का आणि पानापानावर आकडे असलेली जुनी वही. त्याने नऊ वर्षांपूर्वीचं पान काढलं. तेव्हा कासिल्दा अध्यक्ष होती. पानाखाली तिची झोकदार सही होती.

“ही बघ सही. आणि ही तुझी गांडुळं! उद्या कुणी कोर्टात गेलं तर मी काय सांगू? मालकिणीनं स्वतः यावं.”

“बहात्तर पायऱ्या आहेत, लेओकादियो. दोन वर्षं ती घराबाहेर पडलेली नाही.”

“मग तिचं मत नाही. सचिवबाई, लिहा. चौथा मजला, डावीकडचं घर, गैरहजर.”

लाज कोळून प्यालेल्या माणसाशी काय वाद घालणार? एवारिस्तोने दुसऱ्या मजल्यावरच्या दोघा भावांकडे पाहिलं. नळकाम करणारे, धट्टेकट्टे. तिघे वर गेले.

वीस मिनिटांनी कासिल्दा खाली आली, स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून, सगळ्या इमारतीसमोर, घरच्या गाउनमध्ये. धाकट्या भावाचा सदरा घामाने भिजला होता. तिने डोळे घट्ट मिटले होते, ते खुर्ची जमिनीला टेकल्यावर उघडले. सचिव एर्मिनियाने ‘गैरहजर’वर रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, ‘मालकीण हजर’.

लेओकादियो हसला. “आली की खाली! हेही लिहा, सचिवबाई. मालकीण लिफ्टवाचून पोचल्या. मग हवाय कशाला एवढा खटाटोप?”

पहिल्या मजल्यावरची विसिता महिनाभर लिफ्टच्या बाजूने बोलत होती. ती आता पुटपुटली, “खरंच की. आणतातच माणसं उचलून.” मतदानाला तिने हात मांडीवरच ठेवला. असल्या माणसांचा लेओकादियोपेक्षा जास्त राग येतो. चार विरुद्ध चार. बहुमत झालं नाही, ठराव पडला.

भावांनी पुन्हा खुर्चीला हात घातला.

“वर नको,” कासिल्दा म्हणाली. तिचे शब्द एकेक करून येत. “तिथं ठेवा.”

तिने लेओकादियोच्या दारासमोर बोट दाखवलं. जिथे लिफ्ट व्हायची होती तिथेच. त्यांनी तिला तिथे नेऊन ठेवलं.

“अगं, माझी वाट आहे ती!” लेओकादियो ओरडला. “सचिवबाई, नोंद करा! वाट अडवली म्हणून!”

“कर नोंद, एर्मिनिया. त्या वहीतलं पान कुणाला फाडता येत नाही,” कासिल्दा म्हणाली. “आणि हेही लिही. या जागेत माझाही वाटा आहे.”

एर्मिनियाने घड्याळ पाहिलं. सभा संपल्याची वेळ टाकायची होती. तिने पेन टेकवलं आणि परत उचललं.

“बसणार तरी किती वेळ?” लेओकादियोने विचारलं.

कासिल्दा नवऱ्याला म्हणाली,

“एवारिस्तो, वर जाऊन जेवण आण. आणि माझ्या गोळ्या. आठवड्याच्या सगळ्याच आण.”