रवंथ

म्हशीची धार काढून झाली की कागलच्या मार्थाकाकू गोठ्यातच पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बसायच्या आणि प्रार्थना करत एकच शब्द मनात घोळवायच्या. चर्चच्या मंडळीचे पंच शांतवनराव हसायचे, "आमचं अख्खं शास्त्र दोनदा वाचून झालं. तुम्ही म्हैनाभर त्याच शब्दावर! म्हशीगत रवंथ करताय व्हय?"

"व्हय की. रवंथ केल्याबिगर दूध उतरत न्हाय."

रविवारी चर्चमध्ये पंचांच्या निवडणुकीसाठी नेहमीसारखी पुरुषांचीच नावं आली. तेवढ्यात मागच्या सतरंजीवरून काकू म्हणाल्या, "माझंबी लिवा."

शांतवनराव खवळले, "आजवर एक बाई उभारली न्हाय हितं! तुम्हाला कुणी सांगितलं?"

काकूंनी शास्त्र उघडून महिनाभर घोळवलेल्या शब्दावर बोट ठेवलं.

"प्रभूनं. म्हणतोय, उभार."